भिंगताईची लाल पेन्सिल

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सकाळी साडेनऊ वाजले की भिंगताईचे पाय आपसूक चपलांत शिरायचे. दाराची कडी काढेपर्यंत तिला आठवायचं नाही की आता आपल्याला कुठेच जायचं नाहीये. मग घातलेल्या चपला काढायच्या म्हणजे हार मानल्यासारखं, म्हणून ती दोन जिने उतरायची, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जायची, दुकानाच्या पाटीवर सगळी अक्षरं जागच्या जागी आहेत ना ते बघायची आणि परत यायची. असा दिवसातला अर्धा तास निघे. उरलेला दिवस मात्र जागचा हलत नसे.

चौतीस वर्षं ती पोस्टाच्या तिसऱ्या खिडकीत बसली. तिसरी खिडकी तिकिटांची. गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेलं पितळी कडेचं भिंग, डाव्या हाताशी ओला स्पंज, उजव्या हाताशी लाल पेन्सिल. भिंगताई हे नाव सॉर्टिंगमधल्या लोकांनी चेष्टेत ठेवलं होतं, पण चेष्टेतली नावंच माणसाला चिकटतात. पुढे साहेबसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागले. खऱ्या नावाने हाक मारणारं तिला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे तिचं काही अडलं नाही.

बनावट तिकीट ओळखावं तर तिनेच. पाकीट हातात आलं की ती आधी पत्ता वाचत नसे. तिची नजर थेट उजव्या कोपऱ्यावर जाई. खऱ्या तिकिटाचे दाते कसे एका मापाचे, कंगव्यासारखे. खोट्याचे कुठे बारीक, कुठे फाटके. खऱ्याचा कागद जरा मळकट पांढरा. खोट्याचा उगाच लख्ख. रंगाचं म्हणाल तर भिंगाखाली खोटं तिकीट लगेच उघडं पडतं, नुसते ठिपकेच ठिपके. पण हे सगळं नंतरचं. तिला तिकीट बोटानेच कळायचं. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणायची, आणि पाकीट बाजूला टाकायची.

खिडकीशी येणाऱ्यांना ती तिकिटाबरोबर उपदेशही फुकट द्यायची. "तिकीट घ्यायचं तर पोस्टाच्या खिडकीतून घ्या. फाटकाशी उभा राहणारा, फोनवर जाहिरात करणारा, ओळखीतला, पाळखीतला, कुणी कुणी नको. दहाचं तिकीट तुम्हाला कोणी सहाला देत असेल तर तो काही तुमचा मामा लागत नाही. तो तुम्हाला मामा बनवतोय." लोक हसायचे. ती हसत नसे. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा तिचा स्वभाव, आणि तिकिटाच्या बाबतीत तर माशी नाकाजवळसुद्धा फिरकू शकत नसे.

आता खिडकी नव्हती, पण भिंग होतं. साहेबांनी निरोपाच्या दिवशी ते तिलाच देऊन टाकलं. नवीन चित्राचं तिकीट निघालं की ती एक घेऊन यायची, पाकिटावर लावायची, पाकिटावर स्वतःचाच पत्ता लिहायची आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायची. आत काही नसायचं. तरी पाकीट ती नीट बंद करायची, घरच्या कणकेच्या खळीने, खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. वाळल्यावर तिची कड निळसर दिसायची. विचारलंच कोणी तर सांगायची, शिक्का कसा उठतो ते बघायचं असतं. खरं कारण असं की त्या निमित्ताने पोस्टमन दोन जिने चढून वर यायचा.

या पोस्टमनला ती सायकलराव म्हणायची. पायाला सायकल बांधूनच जन्मला असावा असा माणूस. तो दारात उभ्यानेच अर्धा कप चहा घ्यायचा आणि ऑफिसातल्या दोन बातम्या सांगायचा. ही पाकिटं ती स्वतःच स्वतःला धाडते हे त्याला ठाऊक होतं. पाकिटाचं वजन त्यालाही कळत होतं की! पण त्याने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. चहा घेताना पाकीट द्यायचा आणि म्हणायचा, "आज आहे हो तुमचं." माणुसकी म्हणजे आणखी वेगळं काय असतं!

भिंगताईला एक धाकटा भाऊ होता. घरात त्याला बारक्या म्हणत. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा आणि ही बावीसची. वडील त्याआधीच गेलेले. तिने त्याला आईच्या मायेने वाढवलं असं लोक म्हणत. ती स्वतः म्हणायची, मी त्याला शिस्तीने वाढवलं. पाटीवर हात धरून अक्षर गिरवायला तिनेच शिकवलं. दोनदा तिला स्थळं आली. "बारक्याची दहावी होऊ दे," म्हणून तिने पहिलं परतवलं आणि "बारक्या मार्गाला लागू दे," म्हणून दुसरं. तिसरं आलंच नाही.

बारक्या वीस वर्षांचा झाला तेव्हा तिने साहेबांकडे शब्द टाकून त्याला पोस्टातच हंगामी कामाला लावला. थैल्या सोडायच्या, पत्रांवर शिक्के मारायचे. तीन महिने बरे गेले. मग एका रविवारी स्वयंपाकघरातला पडदा तिने धुवायला म्हणून काढला, तर खिडकीच्या काचेवर सतरा तिकिटं वाळत चिकटवलेली. ज्यांच्यावर शिक्का नीट उठलेला नव्हता अशी, चहाच्या किटलीच्या वाफेवर एक दाता न फाडता सोडवलेली. एकदा वापरलेली ही तिकिटं पुन्हा नव्याने विकायला जाणार होती, फाटकाशी उभ्या राहणाऱ्या माणसाकडे. वाफ किती लांब धरायची, डिंक कधी सुटतो, हे त्याला कोणी शिकवलं होतं? तिनेच, तो दहा वर्षांचा असताना, तिकिटांच्या वहीसाठी.

दुसरी एखादी बहीण असती तर तिने त्याचा कान पिळला असता, चार दिवस अबोला धरला असता आणि तिकिटं चुलीत घातली असती. आपलेच दात, आपलेच ओठ. भिंगताईने ती सतरा तिकिटं ताटलीत ठेवली, वर रुमाल झाकला आणि सोमवारी सकाळी ताटली साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

साहेब भला माणूस होता. रुमाल उचलून त्याने पाहिलं, परत झाकलं आणि म्हणाला, "बाई, घरातली गोष्ट घरातच मिटवा की."

"तिकिटं घरातली नाहीत, साहेब," ती म्हणाली.

प्रकरण पोलिसात गेलं नाही, पण नोकरी गेली. संध्याकाळी बारक्या ट्रंक भरत होता आणि ती कणीक मळत होती. त्याने असं का केलं, कशासाठी केलं, हे तिने विचारलं नाही. चोरीला कारण कसलं विचारायचं? दारात उभा राहून तो म्हणाला, "ताई, तुला तिकीट पारखता येतं. माणूस नाही पारखता येत."

तिला वाटलं, जेवायच्या वेळेला येईल. तिने दोघांपुरतं केलं होतं.

त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. सव्वीस वर्षांत कुठे आहे, काय करतो, लग्न केलं की नाही, काही काही कळलं नाही. ऐकलं ते उडत उडत, आणि तेही पहिल्या दोन वर्षांत. ती कोणाजवळ बोलत नसे. पण पोस्टात बसून रोज हजारो पाकिटं हातांखालून जात असताना त्यातल्या एकावर आपल्या ओळखीचं अक्षर दिसेल, असं तिला वाटे. ते तिने स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जायला नको का?

ते अक्षर दिसलं ते निवृत्तीनंतर, एका साध्या बुधवारी.

सायकलराव अकराला वर आला. "आज आहे हो तुमचं," म्हणाला, आणि लगेच पुढे म्हणाला, "पण हे ते नव्हे. हे जड आहे."

पाकीट जाडसर होतं. पत्त्यातलं अक्षर बारक्याचं. तिरकं, खाली घसरत जाणारं, वेलांटी उगाच लांब ओढलेलं. किती वेळा तिने त्यावरून त्याच्या बोटांवर पट्टी मारली होती!  आणि त्याच क्षणी, चौतीस वर्षांच्या सवयीने, तिची नजर उजव्या कोपऱ्यावर गेली.

तीन तिकिटं. जांभळ्या फुलांची.

बोट फिरवलं मात्र, तिचा चेहरा बदलला. गळ्यातलं भिंग डोळ्याशी गेलं. दाते वाकडे. कागद लख्ख. रंगाचे ठिपकेच ठिपके.

"बनावट," ती म्हणाली.

"काय सांगता!"

"तिन्ही." तिचा आवाज कापत होता, आणि तो रागाने कापतोय असंच तिला वाटलं. सव्वीस वर्षांनी पत्र धाडतो, आणि ते मला, खोट्या तिकिटांवर! मुद्दाम केलंय. मला डिवचायला. सुधारला नाही, आणि सुधारलो नाही हे सांगायला तीन तिकिटं लावलीत. तिने शेल्फावरची लाल पेन्सिल घेतली आणि पाकिटाच्या डाव्या बाजूला, ऑफिसात लिहायची तशा टपोऱ्या अक्षरात लिहिलं: तिकिटे बनावट. स्वीकारले नाही. खाली सही, तारीख.

"अहो ताई, आधी वाचा तरी," सायकलराव म्हणाला. चहाचा कप त्याच्या हातात तसाच होता.

"बनावट तिकिटाचं पत्र पोचलंच नाही असं धरायचं असतं."

"ते ऑफिसात. इथे कोण बघतंय? मी तर दिलंय तुमच्या हातात. मला काही दिसलेलं नाही."

"तुम्हाला दिसलं नसेल. मला दिसलंय."

त्याने पाकीट पिशवीत घातलं. चहा तसाच राहिला. दिवसभर भिंगताईची मान ताठ होती. तिने भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. आपण बरोबर वागलो, असं ती कणकेच्या डब्यालाही सांगत होती.

आठवडा असा ताठ मानेने गेला. पुढच्या शुक्रवारी खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई वर आली. पोरीच्या लग्नाची दीडशे निमंत्रणं धाडायची होती. तिकिटं आणली आहेत, जरा नजर टाका, म्हणाली. बाईला भिंगताईची कीर्ती माहीत होती. तिच्या नजरेखालून गेलं की निर्धास्त.

तिने पिशवीतून शीट काढलं. जांभळी फुलं.

"कुठून आणली?" भिंगताईने विचारलं.

"फोनवर जाहिरात होती. अर्ध्या किमतीत. दोन दिवसांत घरपोच. वरती सरकारी शिक्का होता हो, मी बघूनच घेतली! आमच्या जावयाच्या गावीही सगळे हीच घेतात म्हणे." शिंपीणबाईचा चेहरा उतरत चालला. "खोटी आहेत?"

भिंगताईने भिंग तिच्याच हातात दिलं. दाते दाखवले, ठिपके दाखवले. खऱ्या तिकिटाला कोणी सूट देत नाही, सरकार तर नाहीच नाही, हे सांगितलं. ही लावली तर दीडशेतलं एकही निमंत्रण पोचणार नाही, उलट तुम्हालाच चौकशीला बोलावतील, म्हणून सांगितलं. शिंपीणबाई जागच्या जागी बसली. डोळ्याला पदर लावला.

"मी काय चोर आहे का हो? मला काय ठाऊक? स्वस्त मिळाली म्हणून घेतली."

"नाही हो. तुमची चूक नाही," भिंगताई म्हणाली. "कोणालाही वाटेल खरीच आहेत. तुम्हाला काय कळणार? तुमची काही चूक…"

तिची नजर शीटवर गेली. जांभळी फुलं, तीच. चारी बाजूंनी दाते वाकडे, तेच. लोक अर्ध्या किमतीला फोनवर मागवतात, सगळे मागवतात, आणि त्यांना ठाऊक नसतं. शिंपीणबाईला ठाऊक नव्हतं. मग बारक्याला कशावरून ठाऊक होतं? परक्या बाईला तिने बसायला पाट दिला, पाणी दिलं, तुमची चूक नाही म्हटलं. भावाला लाल पेन्सिल दिली.

शिंपीणबाई गेली. पाकिटाच्या मागे त्याचा पत्ता असणार. पाकीट उलटून बघायला किती वेळ लागतो? तिने उलटलंच नव्हतं. त्या तीन तिकिटांचे दाते ती आजही मोजून सांगू शकली असती. पाठीमागे काय लिहिलं होतं ते तिला सांगता येत नव्हतं. ती पाटावर बसली आणि रडली. आई गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती; तेव्हा बारक्या बघत होता.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला चपला घातल्या त्या खऱ्याच कामासाठी. तिसऱ्या खिडकीत आता एक तरुण मुलगी बसते, भिंगताईनेच तयार केलेली. ती म्हणाली, "ताई, ते तर त्याच दिवशी मुख्य ऑफिसात गेलं. बनावट तिकिटाचं टपाल इथे एक दिवसही ठेवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"मीच शिकवलं," भिंगताई म्हणाली.

मुख्य ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर एक अरुंद खोली होती. तिथे एक चष्मेवाला कारकून एकटाच बसायचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत रॅक, रॅकवर खोकी. त्याने तिचं नाव ऐकलं आणि खुर्चीतून उठलाच. "भिंगताई म्हणजे तुम्ही! अहो, हे आमचं रजिस्टर तुम्हीच आखून दिलेलं. बारा वर्षं झाली, अजून एक रेघ बदललेली नाही. फार सुटसुटीत."

त्याने रजिस्टर उघडलं. तारीख. नग. किंमत. दोष. पकडणाऱ्याचं नाव. बुधवारच्या रकान्यात शेवटी तिचंच नाव होतं.

"पत्र कुठे आहे?"

"पाठीमागे पत्ता असला तर आपण परत पाठवतो. तिकिटांचा कोपरा तेवढा कापून पुराव्याला ठेवतो. हे परवाच गेलं. पाकिटावर शेरा होता लाल पेन्सिलीचा, तो तसाच ठेवला. पाठवणाऱ्यालाही कळायला हवं ना, का परत आलं ते."

 म्हणजे बारक्याच्या हातात आता त्याचंच पत्र होतं, न उघडलेलं, कोपरा कापलेलं, आणि त्यावर ताईचं अक्षर.

"आणि पत्ता? पाठवणाऱ्याचा पत्ता कुठे लिहिता?"

कारकुनाने रजिस्टर तिच्याकडे फिरवलं आणि जरा ओशाळला. "तो रकाना यात नाही, ताई. तुम्हीच म्हणाला होतात म्हणे, पाठवणारा कोण याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. तिकीट खरं की खोटं, एवढंच बघायचं."

 स्वतःच्याच हाताने आखलेल्या रेघा होत्या.

"तो कोपरा तरी दाखवाल?"

नियमात बसत नव्हतं, पण त्याने खोकं काढलं. कागदाचा तीन बोटांएवढा तुकडा. त्यावर तीन जांभळी फुलं आणि त्यांवरून गेलेला अर्धा शिक्का. तिने भिंग लावलं. यावेळी दाते नाही बघितले. शिक्क्याची काळी शाई फुलांत मिसळली होती, पण चौतीस वर्षं शिक्केच वाचलेली बाई ती. एकेक अक्षर जोडत तिने गावाचं नाव वाचलं. छोटं गाव असणार. तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने ते तळहातावर लिहून घेतलं. कारकुनाने विचारलं, कोणाचं होतं पत्र? ती म्हणाली, भावाचं.  त्याने रॅकवरची खोकी उगाच सारखी केली.

घरी येऊन तिने पत्र लिहायला घेतलं. सोपं नव्हतं. जन्मभर तिने शेरे लिहिले होते, पत्र कोणाला लिहिलं होतं? चार कागद फाडले. पाचव्यावर राहिलं ते एवढं:

बारक्या, तुझं पत्र मी उघडलं नाही. तिकिटं बघितली आणि परत धाडलं. तिकिटं बनावट होती. तुला ते ठाऊक नव्हतं, हे मला उशिरा कळलं. तेव्हाही तू तसं का केलंस ते मी विचारलं नव्हतं. आता विचारते. सांगशील तर ऐकेन. त्या पत्रात काय होतं? — ताई.

पाकिटावर त्याचं पूर्ण नाव, खाली त्या गावचं पोस्ट, आणि तिथल्या पोस्टमास्तरांना विनंती: या नावाच्या माणसाचा शोध घेऊन द्यावे. पाकीट तिने खळ लावून बंद केलं. कड निळसर झाली.

तिसऱ्या खिडकीसमोर सात माणसं होती. खिडकीतल्या मुलीने मान उंच करून हाक मारली, "ताई, आतून या ना, देते मी." भिंगताई म्हणाली, "नको. रांगेतच बरी आहे." या बाजूला ती पहिल्यांदाच उभी राहत होती. इथून खिडकीच्या आतलं माणूस फार लहान दिसतं, आणि फार घाईत. तिकिटं हातात आली तेव्हा तिचा हात भिंगाकडे गेला. मुलगी हसली, "माझ्याकडचीही तपासणार?" तिने भिंग सोडून दिलं. तिकिटं तिथेच लावली आणि पाकीट पेटीत टाकलं.

मग वाट बघणं आलं. ती साडेनऊला चपला घालेना. अकरापर्यंत दाराशीच स्टुलावर बसायची. सायकलराव खालच्या जिन्यावर आला की पावलांवरूनच तिला कळायचं की आज काही नाही. तो जड पावलांनी चढायचा. तिने स्वतःला धाडायची रिकामी पाकिटं बंद केली. त्यामुळे तो नुसता चहाला यायचा. तोही म्हणायचा नाही की आता कशाला येऊ. आठ दिवस गेले, दहा गेले, पंधरा गेले.

सोळाव्या दिवशी तो वर आला. पाकीट पुढे केलं.

तिचंच होतं. तिकिटं जागच्या जागी. डाव्या बाजूला, तिने जिथे लिहिलं असतं नेमकं तिथे, तिरक्या, खाली घसरत गेलेल्या अक्षरात, लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: तिकिटे खरी. स्वीकारले नाही.

"परत आलं, ताई," सायकलराव म्हणाला. 

भिंगताई स्टुलावर बसली. रागाचं नाव नव्हतं. फिट्टंफाट झाली होती. तिच्याच मापाने माप घातलं होतं त्याने. ती पाकीट नुसतं हातात धरून होती, तिकिटांवर नजर न टाकता. आणि तशीच, हाताला चाळा म्हणून, तिने ते उलटलं.

खळीची कड निळसर नव्हती.

तिने बोट फिरवलं. मग भिंग लावलं. कागद जरासा सुरकुतला होता, वाफेवर धरल्यावर सुरकुततो तसा. तिची खळ अलगद सुटलेली, कुठेही फाटलेलं नाही. त्यावर बाजारचा पारदर्शक गोंद, अगदी बेताने लावलेला. हे काम करणारा हात तिला ठाऊक होता. तो तिनेच तयार केला होता. तिने शिक्के वाचले. पत्र त्या गावी सोमवारी पोचलं होतं. परत निघालं होतं शनिवारी. पाच दिवस ते त्याच्या घरात होतं. त्याने ते उघडलं होतं, वाचलं होतं, पाच दिवस ठेवलं होतं, आणि मग कुठे लाल पेन्सिल शोधली होती.

सायकलराव वाकून बघत होता. इतकी वर्षं तिची पाकिटं वाहिलेला माणूस. तिची निळी कड त्यालाही पाठ होती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हे उघडून पुन्हा चिकटवलंय की काय? उघडलेलं पत्र नाकारता येत नाही. नियम आहे. तसं असेल तर मला लिहून कळवावं लागेल." आणि त्याने कानावरची पेन्सिल काढली.

भिंगताईने पाकीट छातीशी धरलं.

"नाही," ती म्हणाली. "मीच चिकटवलेलं आहे. जसंच्या तसं आहे."

साठ वर्षांत ती पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तेही इतकं वाईट बोलली की लहान पोरालाही कळावं. सायकलरावाने तिच्याकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

"भिंगताईने सांगितलं म्हणजे तसंच असणार," तो म्हणाला. "चहा टाकता ना?"

दुपारी ती तिसऱ्या खिडकीच्या रांगेत उभी होती. पुढे अकरा माणसं होती. तिचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या मुलीने विचारलं, "किती देऊ, ताई? एका पत्राची?"

"नको," भिंगताई म्हणाली. "अख्खं शीट दे."